समाधान झालं का, सर?

“सर, मोडेमवरचा हिरवा दिवा लागलाय का?”

“ताई, दिव्याचं काय घेऊन बसलात? गल्लीत खोदकाम चाललंय, त्यात तार तुटली. तुटलेलं टोक माझ्या हातात आहे.”

“ठीक आहे सर. मोडेम बंद करून पुन्हा चालू कराल का?”

प्रश्न मी विचारला, पण तो माझा नव्हता. सातपूरच्या आमच्या ऑफिसात समोरच्या पडद्यावर प्रश्न यायचे आणि आम्ही ते वाचायचे. उत्तर भरल्याशिवाय पुढचा प्रश्न नाही, आणि सगळे प्रश्न संपल्याशिवाय लाइनमनकडे तक्रार नाही. इंटरनेट कंपनीचा नियमच तसा. समोरचा शिव्या देवो की रडो, आपण गोड आवाजात वाचत राहायचं. पोपटाला निदान मिरची तरी मिळते. आम्हाला मार्क मिळायचे.

“ताई,” चौक मंडईतल्या कादरभाईंचा आवाज एकदम खाली आला. “सकाळी अम्मी गेली. आज संध्याकाळी असरच्या नमाजनंतर दफन आहे. धाकटा भाऊ वसीम कुवेतला असतो, त्याला यायला जमत नाही. तिकडे कॅमेऱ्यासमोर बसलाय बिचारा. एकदा अम्मीचा चेहरा दाखवायचा होता.”

पडद्यावर पुढचा प्रश्न आला : आपण आमच्या नव्या जलद प्लॅनची माहिती घेऊ इच्छिता का?

माझं डोकंच फिरलं. कुठल्या दगडानं लिहिलं असेल हे?

“कादरभाई, फोन ठेवा. मी माणूस पाठवते,” म्हणाले आणि थेट लाइनमन झिपरूला फोन लावला. त्याचा नंबर आम्हा सगळ्यांना पाठ होता, लावायची मात्र बंदी होती.

“जेवाया बसलोय ताई,” तो म्हणाला. कारण सांगितल्यावर म्हणाला, “हात धुतो, निघतोच.”

तासाभरात त्याचा फोन आला. “जोडली तार, तात्पुरती. पोरानं आईचं तोंड पाह्यलं. लय रडला बगा.”

मी फोन ठेवला. तोवर सुपरवायझर ज्ञानेशसर मागे येऊन उभे राहिले होते. कादरभाईंशी झालेला माझा कॉल त्यांनी ऐकला होता.

“प्रतिभा, प्रश्न गाळलेस. शेवटचा ‘आपलं समाधान झालं का?’ तोही नाही विचारलास. असे दोन कॉल आधीच झालेत तुझे. तिसऱ्याला घरी पाठवतात, माहितीये ना? त्यांना फोन लाव, तेवढं वाक्य वाच. बाकीचं मी सांभाळतो.”

वाईट नव्हते ते. माझी नोकरी वाचवायलाच सांगत होते, आणि नोकरी मला हवीच होती. बाबांचा कारखाना बंद पडल्यापासून घर माझ्याच पगारावर चाललं होतं.

“सर, त्यांच्या घरात मयत झालीये.”

“एकच वाक्य आहे गं.”

“मग तुम्ही वाचा.”

ज्ञानेशसरांनी फोनकडे पाहिलं. हात काही पुढे केला नाही.

“नियम माझ्या हातात नाही, प्रतिभा.”

“आणि हे वाक्य माझ्या तोंडात नाही, सर.”

मी पर्स आणि डबा उचलला. परत बसावंसं वाटलं नाही. दाराशी पोचले तेव्हा मागून सुवर्णाचा आवाज आला. ही माझ्या शेजारी बसायची; स्वल्पविरामसुद्धा न गाळणारी, दर महिन्याचं बक्षीस नेमानं घरी नेणारी.

“काका,” ती तिच्या फोनवरच्या माणसाला म्हणत होती, ज्ञानेशसरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, “प्रश्न राहू द्या. तुमचं काय झालंय, ते सांगा.”