साय न धरणारी कॉफी

आमच्या डेअरीत रोज लाखभर लिटर दूध येतं आणि आम्ही कॉफी पितो पावडरची. हसायचं असेल तर हसून घ्या, बाहेरचे सगळेच हसतात. कारखान्यात आलेल्या दुधाला आतल्या माणसाने तोंड लावायचं नाही असा नियम आहे, आणि नियम बरोबर आहे. एकाने कपभर घेतलं की दुसरा पातेलं घेऊन येणार. म्हणून प्रयोगशाळेच्या कपाटात पांढऱ्या पावडरची मोठी बरणी असते. तिच्यात म्हणे दूध सोडून बाकी सगळं असतं. काय काय ते पाकिटावर बारीक अक्षरात छापलंय. मी रसायनशास्त्राची पदवीधर, पण मीसुद्धा ते पूर्ण वाचलेलं नाही.

मला ती पावडर चालते. म्हणजे आवडायची. नासत नाही, उतू जात नाही, वर साय धरत नाही. दिवसभर दुधाच्या मागे पळणाऱ्या बाईला दहा वाजता कपातही दूध कशाला हवंय?

मास्तरांसमोर मात्र त्या बरणीचं नाव काढायची सोय नव्हती. मास्तर म्हणजे टँकर रिकामे होतात त्या धक्क्यावरचे दूध पारखणारे. ते शाळेत कधी शिकवायला गेले नाहीत, पण येणाऱ्या प्रत्येक नवख्याला दुधाचा वास कसा घ्यायचा ते त्यांनीच शिकवलं, म्हणून मास्तर. टँकर आला की शिडीने वर चढायचे, झाकण उघडायचे, नाक आत घालून दोन श्वास घ्यायचे. "घ्या" म्हणाले की पंप सुरू. "नको" म्हणाले की टँकर परत, मग ड्रायव्हरने कितीही गयावया करू दे. माझ्या तपासणीचा कागद त्यानंतर निघायचा. खरं तर आधी कागद आणि मग पंप, असं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. पण तीस वर्षांत कागदाने मास्तरांना एकदाही खोटं पाडलं नव्हतं, तर थांबणार कोण? मला याचा राग यायचा, उगाच लपवू कशाला. पदवी माझी आणि शेवटचा शब्द त्यांच्या नाकाचा.

"खडू आहे तो," ते बरणीकडे बघून म्हणत. "खडू उगाळून पिताय."

"तुम्ही प्यायलात कधी?"

"एकदा. चूळ भरून टाकली."

"मला छान लागते."

"तुझी जीभ त्या रसायनांच्या बाटल्यांच्या नादात वाया गेली गं."

ते घरून आपलं दूध आणत, लहानशा बाटलीत. आल्या आल्या बूच काढून हुंगायचं आणि मग माझ्या फ्रीजमध्ये ठेवायचं. दहाला मी दोन कॉफ्या करायची, माझी पावडरची आणि त्यांची त्या दुधाची. त्यांचा कप पाच मिनिटं हलवायचा नाही. वर साय धरली की ती चमच्याने अलगद उचलून आधी खायची, मग कॉफी. मला बघवायचं नाही ते. मी खिडकीबाहेर बघत बसायची.

त्या थंडीत मास्तरांना सणकून सर्दी झाली. पंधरा दिवस रजेवर होते. परत आले, शिडी चढू लागले, "घ्या" आणि "नको" म्हणू लागले. निवृत्तीला सहा महिने राहिले होते.

मग एके दिवशी दहा वाजता मी त्यांची बाटली उघडली आणि हातभर अंतरावरूनच आंबूस भपकारा आला. दूध पार गेलेलं. सकाळी माझ्यासमोर हुंगून ठेवली होती त्यांनी. मला वाटलं, फ्रीज बिघडला असेल. बाटली मोरीत ओतली आणि त्यांच्या कपात गुपचूप दोन चमचे पावडर घातली. म्हटलं, आज सापडले मास्तर, आता पहिल्या घोटाला तोंड कसं करतात ते बघू. वर्षभर पुरेल एवढी चेष्टा हाताशी येणार होती.

ते बसले. पाच मिनिटं थांबले. चमचा कपावरून एकदा फिरवला आणि बशीत ठेवला. घोट घेतला. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले.

"घरचं दूध ते घरचं दूध," ते म्हणाले.

मी हसायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. ते धक्क्यावर गेल्यावर फ्रीजला हात लावून पाहिला. बर्फासारखा गार होता.

सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. एक आंबलेला टँकर चांगल्या टाकीत पडला तर सगळी टाकी जाते, आणि ते दूध लहान मुलं पितात. पण ज्या नाकावर माणूस तीस वर्षं उभा राहिला ते गेलंय, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि साहेबांना सांगितलं तर ते दुसऱ्याच दिवशी त्यांना धक्क्यावरून खाली उतरवणार. सहा महिने तर राहिलेत, मी म्हटलं. आपणच सांभाळून घेऊ.

टँकर फाटकातून आत येताच मी नमुना काढायला धावू लागले. नळीत थोडं दूध उकळायचं. फाटलं तर नको, नाही फाटलं तर ठीक. मिनिटाचं काम. पंपवाल्याला सांगून ठेवलं, "माझा हात वर दिसल्याशिवाय बटण दाबायचं नाही. साहेबांचा हुकूम आहे." साहेबांना याचा पत्ताच नव्हता. मास्तर शिडीवर आता दोनाऐवजी पाच-पाच श्वास घेत आणि "घ्या" म्हणत. मग मी दारातून हात वर करायची. दोनदा फाटलं, तेव्हा मशीन बंद आहे, काहीतरी अडकलंय, अशा थापा मारून ते टँकर परत पाठवले. मी धापा टाकत होते, घरी जाऊन पाय शेकत होते, पण खोटं कशाला बोलू, मनातून सुखावलेही होते. शेवटचा शब्द आता माझा होता, आणि वर पुण्यही पदरात पडत होतं.

दीड महिना निभावलं. एका सकाळी दोन टँकर एकदम आले. पहिल्याचं दूध चांगलं निघालं, मी हात वर केला. मास्तर तेव्हा दुसऱ्यावर चढून "घ्या" म्हणत होते. पंपवाल्याने माझा हात बघितला, मास्तरांचा शब्द ऐकला आणि दुसऱ्याचं बटण दाबलं. मी आत जाऊन दुसरी नळी उकळली, तर चोथा आणि पाणी वेगळं. धावत जाऊन पंप बंद करायला लावला, पण अर्धा टँकर टाकीत गेला होता. सगळी टाकी गटारात सोडावी लागली. पांढरा पूर तासभर वाहत होता, आणि मास्तर शिडीवरून, आम्ही सगळे काठावर उभे राहून बघत होतो.

साहेब आले. "हे दूध पास कोणी केलं?"

"चूक माझी आहे साहेब," मी म्हटलं. "मी हात..."

"तिची नाही," मास्तर शिडीवरूनच म्हणाले. "मला वास येत नाही. थंडीपासून."

मग ते खाली उतरले. एकेक पायरी धरून उतरले, मदतीला हात पुढे करायचं कुणाचंच धाडस झालं नाही.

दुपारी ते प्रयोगशाळेत येऊन बसले. मी आम्लता मोजायचं नाटक करत होते.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"त्या कॉफीच्या दिवसापासून."

मी वळून बघितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"साय नव्हती. नाक गेलंय, डोळे आहेत ना. चमचा फिरवला तेव्हाच समजलं, हिने पावडर घातली. म्हणून तर मुद्दाम म्हटलं, घरचं दूध ते घरचं दूध." ते आपल्या हातांकडे बघत होते. "म्हटलं, ही नियमाची पक्की आहे, आता उठेल आणि साहेबांकडे जाईल. मी रोज त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत यायचो. पाय आत पडत नव्हता. तुझी वाट बघितली दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. आणि तू आपली पळत येऊन हात वर करतेस."

मला राग आला. असं कोणी सांगतं का, कॉफी पिऊन? मग तो राग गेला आणि नुसती लाज उरली.

"मला वाटलं, तुमची अब्रू राखावी," मी म्हटलं.

"राखलीस की," मास्तर म्हणाले. "तासभर वाहत होती."

आता आमच्याकडे आधी कागद निघतो आणि मग पंप सुरू होतो, भिंतीवर लिहिलंय तसं. मास्तरांना साहेबांनी नवख्यांना शिकवायला आतल्या खोलीत बसवलं आहे, निवृत्तीपर्यंत. वास कसा घ्यायचा ते शब्दांत सांगतात, आणि चांगलं सांगतात. घरची बाटली आणणं त्यांनी बंद केलं. दहा वाजता मी दोन्ही कॉफ्या पावडरच्या करते. ते पाच मिनिटं न थांबता पितात.

परवा त्यांनी घोट घेतला आणि कप हातात फिरवत बसले.

"एक विचारतो. खरं सांगशील?"

"विचारा."

"कशी लागते गं ही?"

अकरा वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर कोणी न विचारताच देत आले होते. त्या दिवशी मात्र त्यांनीच शिकवल्याप्रमाणे घोट तोंडात धरला, जिभेच्या कडांना लागू दिला, मग गिळला.

"गोड," मी म्हटलं. "जरा तेलकट. आणि शेवटी खडू."

मास्तरांनी मान डोलावली. "मी काय सांगत होतो," ते म्हणाले आणि उरलेली कॉफी त्यांनी पिऊन टाकली.