उरलेली अर्धी बाटली

फ्रिजचं दार उघडलं आणि दारातली औषधाची बाटली खणकन वाजली. सकाळपासून मुकं बसलेलं घर तेवढ्याने दचकलं. तिने बाटली उजेडात धरली. अर्धी. बरोब्बर अर्धी.

बाळाचे कपडे न्यायला ती तासाभरासाठी घरी आली होती. अकरा महिन्यांचं बाळ हॉस्पिटलात, बापाच्या मांडीवर, हाताला सलाईन. तीन आठवड्यांपूर्वी लघवीत जंतू निघाले, सात दिवसांचं औषध मिळालं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पोरगं खिदळायला लागलं, चमचा दिसला की ओठ घट्ट मिटायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालंय ना? मग कशाला छळतेस त्याला?" तिला तेवढंच निमित्त हवं होतं. बाटली फ्रिजच्या दारात गेली. आणि ताप परत आला तो फणफणूनच.

तिला हे कुणी शिकवायला नको होतं. ती त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती. प्लेटमध्ये जंतू वाढवायचे, वर औषधांच्या टिकल्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी कुठल्या टिकलीभोवती जंतू मरून मोकळं कडं पडलंय ते पट्टीने मोजायचं. घरच्यांची प्लेट आपण वाचायची नाही, हा तिथला दंडक. आज सकाळी तो लॅबच्या मोठ्या बाईंनीच मोडला. तिला हाताला धरून काम शिकवलं होतं त्यांनी.

"बघ," त्या म्हणाल्या.

मागच्या खेपेला याच औषधाभोवती रुपयाएवढं कडं होतं. आज जंतू टिकलीला खेटून दाटले होते.

"बाई, कडंच नाही हो."

"ही दुसरी टिकली बघ. सुईचं औषध. थोडं आहे कडं. सुरू केलंय डॉक्टरांनी." मग हळूच, "रिपोर्टच्या खिडकीतून लोकांवर ओरडतेस ना, औषध पुरं करा म्हणून? दिव्याखाली अंधार तो हाच बाई."

आता ती पिशवी भरत असताना सहा वर्षांची लेक चिऊ शेजारी येऊन बसली. आजी देवासमोर डोळे मिटून बसलेली. तिच्याशी बोलायची सोय नव्हती.

"बाळ पुन्हा का आजारी पडलं?"

खोटं सांगावंसं वाटलं. सांगवेना.

"त्याच्या लघवीत खूप जंतू होते. सगळे सारखे नव्हते. बरेच लेचेपेचे, एखाददुसरा चिवट. तीन दिवसांत लेचेपेचे मेले. मी औषध थांबवलं. चिवट उरले, त्यांना पोरं झाली. तीही चिवटच."

"त्यांनी औषधाशी भांडायला शिकून घेतलं?"

"नाही गं. कुणीच काही शिकलं नाही. ज्यांना तगता आलं ते उरले, बस्स. चाळणीत उरतं ना, तसं." तिने एक झबलं पिशवीत कोंबलं. "आणि चाळणी माझ्याच हातात होती."

चिऊने बाळाचा एवढासा मोजा स्वतःच्या अंगठ्यावर चढवून पाहिला.

"फक्त जंतूच असे उरतात?"

"सगळेच. झाडं, मांजरी, आपण. जे तगले त्यांचीच आपण पोरं. आजीच्या आजीच्या आजीच्याही मागे, पार माणसं नव्हती तिथपर्यंत."

चिऊने मोजा नीट घडी करून पिशवीत ठेवला, वर हात ठेवला.

"आई, मग आपलं बाळ उरणाऱ्यांतलंच आहे ना?"