पृथ्वीचं बेअरिंग

पृथ्वी अहोरात्र गुणगुणत असते आणि ती गुणगुण कानी पडली की माणसाच्या सगळ्या चिंता विरून जातात. पंपमिस्त्रींची चिंता मात्र हेडफोन लावल्यावरच सुरू झाली.

त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

विजा कडाडल्या की जमीन आणि आभाळ यांच्या मधल्या पोकळीत एक कंप घुमत राहतो, तोच या ऑडिओत भरलाय, असं लेकीने समजावलं होतं. दुपारी पडल्यापडल्या ऐकायचा. ऐकताना जावयाचे डोळे पाणावले. बायकोने तर हातातलं काम टाकून ऐकलं. ‘‘कुणीतरी लांब बसून अंगाई म्हणतंय,’’ म्हणाली.

‘‘छान आहे,’’ मिस्त्रीही म्हणाले.

पंपाला पेचकस टेकवायचा, मूठ कानाशी धरायची आणि आत काय दुखतंय ते सांगायचं, यावर त्यांनी घर चालवलं होतं. कानच गेला तर उरलं काय? आणि हे सांगायचं कुणाला? दुसऱ्या दिवसापासून पेचकस सांगेल त्यावर त्यांचा विश्वास बसेना. धडधाकट पंप उगाच उघडून बसू लागले. हातून कुणाचं वाटोळं व्हायच्या आत सुटलेलं बरं, म्हणून एका सकाळी भाड्याच्या दुकानाची किल्ली मालकाला देऊन आले.

‘‘बघ आई, पृथ्वीचा गुण,’’ लेक म्हणाली. ‘‘बाबा किती शांत झालेत.’’

शांत कसले, रोज दुपारी हेडफोन लावून कान देऊन पडायचे. ऐकता ऐकता डोळा लागायचा, आणि जन्मभर दुरुस्त केलेले पंप एकेक करून खोलीत यायचे, भिंतीला टेकून बसायचे. अंधाऱ्या पाइपातून पाणी जिना चढल्यासारखं वर वर जायचं आणि सगळ्यात वरच्या टाकीत पडलं की त्याचं आभाळ व्हायचं. मिस्त्री त्यावर पाठ टेकून तरंगायचे.

एका दुपारी त्या पाण्यात खरखर उठली. मिस्त्री ताडकन उठून बसले.

‘‘अगं, ऐकू आली. पृथ्वीचं बेअरिंग गेलंय.’’

‘‘पृथ्वीचं कसलं डोंबलाचं, खालचा पंप आहे तो. रोज दुपारी टाकीला पाणी चढवतो. हेडफोन काढा आधी.’’

चपला न घालताच ते खाली गेले आणि पंप बंद केला. वर बायकोने सहज हेडफोन कानाला लावले होते. ती खिडकीतून वाकली.

‘‘अहो, पृथ्वीपण बंद पडली की.’’

नीट चालणाऱ्या पंपाची घरघर मिस्त्रींना आयुष्यात कधी आवाज वाटलीच नव्हती. बाकीचं घर तीच पृथ्वी म्हणून ऐकत होतं. खऱ्या पृथ्वीचा कंप इतक्या खालच्या पट्टीतला की माणसाच्या कानाला तो लागतच नाही. तसं त्या ऑडिओखाली बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं. लेकीने ते संध्याकाळी वाचून दाखवलं.

मिस्त्री पेचकस घेऊन दुकानाकडे गेले. तिथे आता हेडफोन मिळतात.