न्हाणीतल्या सहा काचा

या, अंमळ पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकायची घाई नको. आज संतमहंतांची नव्हे, आपल्या दहिवलीच्या श्रीपतीची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण मन लावून ऐका.

अठ्ठ्याहत्तर सालचा माघ होता. श्रीपत आणि त्याची बायको मालनबाई ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसले होते, तेवढ्यात दारात टांगा थांबला आणि तय्यबाबाई उतरल्या. मुंबईच्या ज्या प्रयोगशाळेत श्रीपतीने मदतनीस म्हणून एकवीस वर्षं काढली, तिथल्या त्या शास्त्रज्ञ. नवख्या होत्या तेव्हा नळीतून थेंब कसा सोडायचा हे त्यांना श्रीपतीनेच शिकवलं होतं, म्हणून त्या त्याला अजून काका म्हणत.

चहा झाला. बाईंची नजर भिंतीवरच्या फोटोकडे जात होती. देवांच्या तसबिरींशेजारी टांगलेला तो फोटो एका जंतूचा होता, हजारो पटींनी मोठा केलेला. त्याच्या आत, सालीला चिकटून, चकलीसारखं एक वेटोळं. शास्त्रज्ञ त्याला मेसोसोम म्हणत. जंतू त्यानेच श्वास घेतो, त्याच्याच आधाराने दुभंगतो, असं पुस्तकांतून छापून आलं होतं. हे वेटोळं श्रीपतीच्या हातून जसं उमटे तसं कुणाच्याच हातून उमटत नसे. जंतू मारून घट्ट करायचं औषध तो नळी बर्फात धरून थेंबाथेंबाने, तास तास सोडी. प्रयोगशाळेचे साहेब म्हणत, हात असावा तर असा. एका शोधनिबंधाच्या तळाशी आभार म्हणून त्याचं नावही छापलं होतं. तो कागद फोटोच्या पाठीला डकवलेला होता.

बाई अडखळत सांगू लागल्या. परदेशात आता औषध न लावता, डोळ्याचं पातं लवायच्या आत जंतू गोठवतात. तसं केलं की वेटोळं दिसत नाही. औषध सावकाश भिनतं, तेव्हाच आतली साल गोळा होते, असं दिसतंय.

"काका, जिवंत जंतूत ते नसावंच. आपण मारताना होतं."

श्रीपत वाल सोलत राहिला. सोललेली मूठ टोपलीत टाकून म्हणाला, "म्हंजी मरतानाची कळ व्हती ती."

बाईंनी कपबशी बाजूला सारली. मग त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. आपल्या जुन्या चित्रांत चूक होती असं त्यांना लिहायचं होतं आणि त्याला आपल्याच प्रयोगशाळेतला पुरावा हवा होता.

"वेटोळ्याशिवायची फोटोची प्लेट कधी आली होती का तुमच्या हातून?"

नाही म्हटलं असतं तर कोण विचारायला येणार होतं? साहेब वारले होते. वह्यांत नोंद फक्त चांगल्या प्लेटांची. फोटो भिंतीवर राहिला असता, हाताचं नावही राहिलं असतं.

"आल्या की. लय आल्या," श्रीपत म्हणाला. "खराब म्हनून मीच बाजूला काढायचो."

खराब का, ते ऐका. श्रीपत मूळचा मारुतीच्या देवळातला टाळकरी. कीर्तन असलं की त्याला संध्याकाळची गावाकडची गाडी गाठायची घाई. मग औषध कडक करून एकदम ओती. त्या दिवशीच्या जंतूंत वेटोळं येत नसे आणि साहेबांच्या कपाळाला आठी पडे. आपल्या घाईचं पाप, असं श्रीपतीच्या मनाने घेतलं. साठ सालच्या रामनवमीला त्याने टाळ खुंटीला अडकवला. बुवांनी दोनदा निरोप धाडला, मग धाडला नाही. नोकरी सुटल्यावरही त्याला कुणी बोलावलं नाही आणि तोही गेला नाही.

त्या प्लेटा टाकल्या असतील ना, बाईंनी विचारलं.

"टाकतील कशा? काचा हायेत त्या," मालनबाई म्हणाली. "खिडकीला लावल्या."

त्या काळी असले फोटो पंज्याएवढ्या काचांवर घेत. श्रीपतीने त्या घरी आणून, गरम पाण्यात वरचा थर खरवडून, स्वयंपाकघराच्या खिडकीला जोडल्या होत्या. बाई उठून खिडकीपाशी गेल्या. काचांतून परसातला आंबा लख्ख दिसत होता. दुसरं काही दिसत नव्हतं.

"न्हानीतल्या तेवढ्या नाय धुतल्या," मालनबाई सहज बोलून गेली. "मीच म्हनलं, काळ्याच बऱ्या. आतलं कुनाला दिसाय नको."

न्हाणीच्या झरोक्यात सहा काचा होत्या. श्रीपतीने काचांभोवती बसवलेली, वाळून टणक झालेली लांबी सुरीने खरवडून एकेक काढली. तीन वाफेने खाल्लेल्या. उरलेल्या तीन बाईंनी उजेडाकडे धरल्या. सरळ कांड्यांसारखे जंतू, साल सगळीकडून नीट, आत वेटोळं म्हणून नाही. कोपऱ्यात श्रीपतीच्याच अक्षरात तारीख आणि पुढे एक शब्द: खराब.

काचा रुमालात गुंडाळताना बाई म्हणाल्या, "तुमचं नाव घालते, काका."

"नाव नको. घाईत केल्या व्हत्या, तेवढं लिवा."

टांगा गेला. दिवस कलला तशी मालनबाई झरोक्याला लावायला गोणपाट घेऊन आली. श्रीपत न्हाणीतल्या दगडावर पाय धुवायला बसला होता. पायांवरचं पाणी केव्हाच वाळलं होतं. रिकाम्या चौकटीतून देवळातला मृदंग ऐकू येत होता.

"राहू दे गं जरा उघडाच," तो म्हणाला.

टाळ खुंटीलाच होता. श्रीपतीची दोन बोटं मात्र मृदंगाच्या ठेक्यावर एकमेकांवर घासत होती, वाल सोलल्यासारखी.

तर मायबापहो, कधी कीर्तनाला उभे राहाल आणि एखादा टाळकरी कमी भरेल, तेव्हा त्या मोकळ्या जागी आमच्या श्रीपतीला आठवा.