एकवीस नंबरचा गठ्ठा

मित्रांनो, मी जर्सीच्या पाठीवर नंबर उमटवणारे एक जुने यंत्र आहे. खाली रबराची गादी, वर तापणारी लोखंडी पाटी आणि बाजूला लांब दांडा, एवढाच माझा संसार. बास्केटबॉलच्या स्टेडियमसमोरच्या छोट्या दुकानात काका-काकूंनी मला आणले, तेव्हा माझा रंग निळाभोर होता. पंधरा सेकंद दाब दिला की नंबर पक्का बसे. काकू अभिमानाने म्हणत, "कापड फाटेल, पण नंबर हलायचा नाही!"

हंगामाआधी शंभर जर्सी छापून ठेवायची आमची रीत होती. कोणाचा नंबर छापायचा, हे काका वर्तमानपत्रातले गुण पाहून ठरवत. त्या वर्षी त्यांनी एकवीस नंबर निवडला. संघात सर्वांत जास्त गुण त्या नंबराच्या खेळाडूचेच होते.

गिऱ्हाइके मात्र सात नंबर मागत. तो गुणांत चौथा होता. पण चेंडू बास्केटमध्ये गेला की एका पायावर गिरकी घेई आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरे तशीच गिरकी घेत. हरल्यावरही तो कुंपणापाशी थांबून सह्या देई. एकवीस नंबर खाली मान घालून येई, गुण मिळवी आणि खाली मान घालून जाई.

"मुलखाचा मुखदुर्बळ!" काका वैतागले. "याच्यावर सात चिकटवून टाकू."

"चार धुण्यांत वरचा सोलून निघेल," काकू म्हणाल्या. "लोकांना काय तोंड दाखवणार?"

"मग हा गठ्ठा काय उशाला घेऊ?"

काकांनी मला तापवले आणि गठ्ठ्यातली पहिली जर्सी गादीवर पसरली. माझा जीव कासावीस झाला. इतक्यात दारातून वाकून एक उंच माणूस आत आला, सोबत त्याची लहान मुलगी. तो एकवीस नंबरच होता! त्याने गादीवरची जर्सी पाहिली, शेजारचे सातचे आकडे पाहिले.

"बाबा, मला सातची हवी," मुलगी म्हणाली. "तुझी तर घरी आहेच."

काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. तो हसला. "द्या तिला. दांडा मी धरू का?"

काकांनी कोरी जर्सी ठेवली. त्याने दांडा दाबला. शेवटी बापलेक एकदम पुटपुटले, "तीन, दोन, एक!"

"हे काय गं?" काकूंनी विचारले.

"बाबा फ्री थ्रोला एकटाच चेंडू टाकतो ना, तेव्हा असंच मोजतो. ओठ हलतात की त्याचे! तुमचं दुकान एवढं समोर, तरी कधी बघितलं नाही?"

काकांनी गुपचूप माझे बटण बंद केले.

पुढच्या सामन्याला काकू त्या मुलीशेजारी जाऊन बसल्या. एकवीस नंबर फ्री थ्रोला उभा राहिला. सातची जर्सी घातलेली त्याची मुलगी ओरडली, "तीन, दोन, एक!" दुसऱ्या वेळी त्यांची रांग ओरडली. शेवटी अर्धे स्टेडियम. त्याने प्रथमच मान वर करून प्रेक्षकांकडे पाहिले. काकूंनी दुकानात येऊन हे तीनदा सांगितले.

खोटे कशाला सांगू, त्या वर्षीही सातच जास्त खपला. पण मुले मोजत-मोजत एकवीसही नेऊ लागली. गठ्ठ्यातली शेवटची जर्सी काकांनी विकली नाही. आता नवे यंत्र आले आहे आणि धूळ बसू नये म्हणून तीच जर्सी माझ्या अंगावर पांघरली आहे.

मित्रांनो, गादी पुसलीत, तारा तपासल्यात, तर मी अजूनही तापेन. आणि एक विनवणी. कोणाच्या नंबरावर दुसरा नंबर चिकटवण्याआधी, त्याचे ओठ हलतात का, एवढे बघा.