वाऱ्याशिवायचं धुकं

आमचे जमादार चार वर्षं मुंबईच्या गोदीतल्या रेल्वेत होते. माणूस नागपूरकडचा, पण भिलाईला आला तो दर्यावर्दी होऊनच. जेवता जेवता मला भरती-ओहोटी शिकवायचे. भिलाईत कुठून यायची भरती? मी हसायचे, ते चिडायचे. नवरा म्हणून वाईट नव्हते, पण कुणाचं ऐकून घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

पोलादाच्या कारखान्याची पहिली भट्टी अजून पेटायची होती. ठेकेदाराच्या साइडिंगवर, म्हणजे मालाच्या वॅगनींसाठी काढलेल्या फाट्यावर, आमचं फाटक, फाटकाला लागून आमची खोली. गिट्टीच्या वॅगनी इंजिन मागून ढकलत आणायचं, म्हणजे ड्रायव्हरला पुढचं नीट दिसतच नसे. धुकं असलं की फाटकाच्या अलीकडे रुळावर फटाके बसवायचे. चाकाखाली फटाका फुटला की ड्रायव्हर गाडी थांबवणार. त्यासाठी माणसं आदल्या संध्याकाळीच नेमावी लागत, आणि नेमायची की नाही हे जमादार ठरवत.

पौषात एक दिवस अवकाळी पाऊस पडून गेला. संध्याकाळी श्यामराव सायकलवरून आले. ते अमरावतीकडचे, कारखान्याच्या ऑफिसात हवामानाचं काम बघायचे.

"जमादार, उद्या सकाळी धुकं पडन. माणसं नेमून ठेवा."

"कावून पडन?"

"जमीन ओली हाय, अन् आभाळ मोकळं झालं. ढगाचं पांघरूण नसलं की जमिनीची ऊब रातभर वर निघून जाते. जमीन थंडी पडली की तिला लागून असलेली ओली हवा गारठते, अन् तिच्यातली ओल थेंब होऊन तिथंच लटकते. वाराही पडला. असता तं वरची कोरडी हवा खाली मिसळली असती. माह्याजवळचा कोरडा थर्मामीटर अन् ओल्या फडक्याचा, दोन्ही सारखेच दाखवून राहिले. हवेत आता ओल मावत नाही."

जमादार हसले. "धुकं वाऱ्यावर बसून येते, साहेब. म्या गोदीत डोळ्यानं पाह्यलं. दमट हवा गार पाण्यावरून सरकत आली की तिचं धुकं होते. वारा नाही तं त्याले आणन कोण?"

"समुद्रावर ते खरं हाय. पण इथं समुद्र कुठं हाय?"

"मंग धुकंबी नाही," जमादार म्हणाले, आणि त्यांनी माणसांना घरी पाठवलं.

श्यामरावांचा हुकूम फाटकावर चालत नव्हता. ते गेल्यावर मी म्हटलं, "नेमा ना माणसं. आपलं काय जाते?" तर मला म्हणाले, "तू चूल पाह्य." मला असा राग आला की भाकरी करपली, तरी मी ती तशीच त्यांच्या ताटात वाढली.

सकाळी दार उघडलं तर अंगण नव्हतं. फाटक नव्हतं. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. जमादार माझ्या मागे उभे होते. एकदम ते फटाक्यांच्या डब्याकडे धावले, पण तेवढ्यात लाइनवरून आवाज आला.

पावसाने सगळीकडे चिखल झाला होता, म्हणून रिसालीकडचे मजूर रुळांवरूनच कामाला चालले होते. वॅगनी त्यांच्या पाठीवर आल्या. माणसाचं हाड चाकाखाली आलं की कसा आवाज येतो ते मला ठाऊक आहे, आणि ते कुणाला ठाऊक होऊ नये. बायका ओरडत होत्या. एकीच्या डोक्यावरचं घमेलं घरंगळत माझ्या पायाशी आलं, चाचपलं तर बोटांना रक्त चिकटलं.

मग लोकांनी ड्रायव्हरला इंजिनातून ओढून काढलं. भैयालाल त्याचं नाव, जवळच्या उतई गावचा माणूस. त्याला फरफटत आमच्या फाटकाशी आणलं. मला दिसत काही नव्हतं, फावड्याच्या दांड्याचे फटके तेवढे ऐकू येत होते.

"फटाका नइ फूटिस," तो आपल्या छत्तीसगढीत रडत होता. "फटाका फूटतिस त मैं रोकतेंव, भइया."

जमादारांनी मला आत ओढलं, आतून दाराला कडी घातली आणि माझं मनगट धरलं. "बोलू नोको, वच्छला."

बाहेर फटके पडतच होते. भैयालालचा आवाज बारीक होत गेला. निरपराध माणूस माझ्या दारात मरत होता, आणि ज्याचं चुकलं तो माझा हात धरून कडीआड उभा होता. मला त्यांची दया आली. आणि किळसही आली. मी हात सोडवला, कडी काढली आणि बाहेर गेले.

"त्याले सोडा. त्याचं काही चुकलं नाही."

"फिर फटाका लगाने का काम किसका था?" धुक्यातून कुणीतरी विचारलं.

लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर नवऱ्याचं नाव माझ्या तोंडी कधी आलं नव्हतं. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात.

"मारोतराव," मी म्हणाले. "मारोतराव जमादाराचं."

फटके थांबले. माझ्या मागे दार वाजलं. हे स्वतःच बाहेर आले होते. "हो, माहंच काम होतं ते," एवढंच म्हणाले आणि माझ्या अंगावरून पुढे गेले. पदर धरावा तसा मला त्यांचा सदरा धरायचा होता. हातात नुसता गारठा आला.

पुन्हा फटके सुरू झाले. मी आवाजाच्या दिशेने धावले, कुणाच्या तरी कोपराने माझा ओठ फुटला, मी पडले, उठले. मग पळणारे पाय ऐकू आले आणि सगळं शांत झालं. कुठेतरी भैयालाल कण्हत होता. दुसरं कुणी कण्हत नव्हतं. "मारोतराव," मी हाक मारली. रूळ चाचपत, गिट्टी चाचपत, मोठ्याने त्यांचं नाव घेत मी त्या धुक्यात फिरत राहिले. ओ आली नाही.