शनिवारचा पहिला अर्धा तास

तीन महिन्यांसाठी मी नेदरलँड्समधल्या न्यूनेनला मुलाकडे आले होते. विमानं बंद झाली आणि वर्ष होत आलं.

नातीला, सानिकाला, मंगळवारी स्प्रेकबर्ट द्यायचं होतं. इथे प्रत्येक मुलाला आपल्या आवडीच्या विषयावर वर्गापुढे बोलावं लागतं, यंदा लॅपटॉपपुढे. तिचा विषय जपानी ॲनिमे. टपाल वाटणाऱ्या कोल्ह्याच्या पिल्लाची तिची लाडकी मालिका मध्येच बंद पडली होती, आणि ती बनवणाऱ्यांचीच नवी मालिका मोठ्यांसाठी होती.

"त्यांना मुलं आवडेनाशी झाली. असंच लिहिते."

"थांब जरा. मालिकेचा खर्च कोण करायचं?"

तिने शोधून काढलं. "खेळण्यांची कंपनी. कोल्ह्याच्या बाहुल्या विकायला."

"आणि मंदी आली की आईबाबा आधी काय घेणं थांबवतात?"

"खेळणी! माझे स्केट्स पण राहिले." मग ती स्वतःच पुढे गेली. "कंपनीने पैसे थांबवले. मोठे फॅन स्वतःच डीव्हीडीचे महाग सेट विकत घेतात. म्हणून मग त्यांच्यासाठी बनवलं."

"शाबास. चित्रं काढणाऱ्यांनाही घर चालवायचं असतं."

पेन्सिल चावत तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तू केलंस तसंच."

"मी काय केलं?"

"शनिवारची गोष्ट. ती आमची होती ना?"

खरं होतं. लॉकडाउन लागल्यावर मी ऑनलाइन गोष्टी सांगायला लागले, तेव्हा इथली अकरा मराठी मुलं होती. दिवसभर शाळाही पडद्यावरच, त्यामुळे ती कंटाळून गळत गेली. त्यांच्या आईबाबांना मात्र आठवडाभर घरून काम केल्यावर मराठी ऐकावंसं वाटू लागलं. मग मी तो तास मोठ्यांच्या वाचनाला दिला. मुलं जांभया द्यायची, मोठे 'वा वा' करायचे. मला ते आवडलं, हे कबूल करायला हवं.

"तुम्ही तिघंच उरला होतात गं."

"आजी, गणित तूच शिकवतेस. तीन म्हणजे शून्य नाही."

आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आणि हिशोब तिचाच बरोबर निघाला. "मग मी काय करू?" मी विचारलं.

तिने कागदावर एक गोल काढून मधोमध रेघ मारली. "मोठ्यांना ठेव. पण पहिला अर्धा तास आमचा."

मंगळवारचं भाषण डच भाषेत झालं. मला त्यातलं फक्त 'आजी' कळलं, तेही दोनदा.

शनिवारी तिघंही आली. सानिकाने जाहीर केलं की कोल्ह्याची राहिलेली गोष्ट आता आपणच पुरी करायची. पत्र घेऊन निघालेलं पिल्लू बर्फात वाट चुकलं, इथवर आलो, तेवढ्यात झूटरमेर गावचे हेमचंद्रकाका मोठ्यांच्या तासासाठी वेळेआधीच हजर झाले.

"अहो, मग पत्र पोचलं का?"

"काका, म्यूट!" तिघंही एका सुरात ओरडली.

काकांनी माइक बंद केला, पण कॅमेरा चालू ठेवून ते गोष्ट ऐकत राहिले.